सातच्या आधीचे शून्य

सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत जून-जुलै हे बदल्यांचे महिने. क्वार्टरसमोर ट्रक उभा राहतो, पुण्याहून किंवा नागपूरहून आलेले सामान उतरते आणि घरातल्या मुलांची शाळाप्रवेशाची धावपळ सुरू होते. ही वसाहत पूर्वी विनय नगर म्हणून ओळखली जाई, पुढे तिला सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. केंद्र सरकारी नोकरदारांच्या कितीतरी पिढ्या इथे राहून गेल्या आणि त्यांत मराठी घरेही होती. आता जुने दुमजली क्वार्टर पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत, पण बदलीचा क्रम तोच आहे. दिल्लीच्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उघडतात, तोवर नव्या मुलाला ना वर्गशिक्षक ओळखत असतात, ना त्याला कुणी मित्र मिळालेला असतो. आणि नेमक्या याच आठवड्यांमध्ये देशभरच्या गणित ऑलिम्पियाडची नोंदणी सुरू होऊन संपूनही जाते.

गणिताची ओढ असलेली पुष्कळ मुले या स्पर्धेला मुकतात, कारण तारीख त्यांच्या घरापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून या प्रकरणात गणिताइतकेच अर्जाबद्दलही बोलायचे आहे.

आधी एक गल्लत दूर करू. शाळेतून पत्रक येते, त्यावर 'मॅथ्स ऑलिम्पियाड' असे ठळक छापलेले असते, वर्गशिक्षिका पैसे गोळा करतात आणि काही महिन्यांनी मुलगा पदक घेऊन घरी येतो. आईवडिलांना वाटते, आपला मुलगा ऑलिम्पियाडला बसला. या परीक्षा खासगी संस्था घेतात. त्यांत पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात, अभ्यासक्रम बहुधा शाळेचाच असतो आणि पहिलीपासूनची मुले बसू शकतात. सराव म्हणून त्यांत वावगे काही नाही. पण देशाचा संघ ज्या परीक्षांमधून निवडला जातो, त्या वाटेशी यांचा संबंध नाही. आद्याक्षरेसुद्धा कधी कधी हुबेहूब तीच असल्यामुळे चांगले शिकलेले पालकही फसतात आणि मूल अकरावीत गेल्यावर त्यांना कळते की खरी वाट आठवीतच सुरू झाली होती.

ती वाट अशी आहे. पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिम्पियाडची देशव्यापी पात्रता परीक्षा. ती सप्टेंबरच्या सुरुवातीच्या एखाद्या रविवारी होते. तिच्यातून निवडलेली मुले ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये आरएमओ ही विभागीय परीक्षा देतात. तिथून पुढची मुले जानेवारीत आयएनएमओ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा देतात. राष्ट्रीय परीक्षेतून काही डझन मुले उन्हाळ्यात सुमारे महिनाभराच्या प्रशिक्षण शिबिराला जातात आणि शिबिरातल्या निवड चाचण्यांमधून सहा जणांचा संघ ठरतो. तो संघ जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला उतरतो. या साऱ्यामागे अणुऊर्जा विभागाचे राष्ट्रीय उच्च गणित मंडळ आणि मुंबईत मानखुर्दला असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. पहिल्या पायरीची परीक्षा गणित शिक्षकांची अखिल भारतीय संघटना, म्हणजे एमटीएआय, घेते. हिला पूर्वी प्री-आरएमओ म्हणत, जुन्या पुस्तकांत तेच नाव सापडेल.

आता अर्ज. आठवी ते बारावीत शिकणाऱ्यांनाच बसता येते आणि जन्मतारखेची मर्यादाही असते. ती साधारण १ ऑगस्टच्या आसपास मोजली जाते आणि दरवर्षी एक वर्षाने सरकते, कारण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वीस वर्षांखालच्या आणि विद्यापीठात न गेलेल्याच मुलांना प्रवेश असतो. शुल्क गेल्या काही वर्षांत तीनशे रुपयांच्या आसपास राहिले आहे. एका कोचिंग वर्गाच्या एका तासाच्या फीमध्ये देशातली सर्वांत गंभीर गणित स्पर्धा देता येते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नोंदणी ऑनलाइन होते आणि खिडकी बहुधा जून ते ऑगस्ट यांमधल्या काही आठवड्यांपुरती उघडी असते.

गुंता होतो तो केंद्रावरून. परीक्षा शाळांमध्ये होते आणि त्यासाठी शाळेने आधी केंद्र म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. मुलाची शाळा केंद्र असेल तर काम सोपे. नसेल तर जवळचे दुसरे केंद्र निवडावे लागते आणि तिथल्या जागा संपण्याआधी निवडावे लागते. सरोजिनी नगरातल्या मुलाची यात फारशी गैरसोय होत नाही. पिंक लाइनची मेट्रो दाराशी आहे, रिंग रेल्वेचे जुने स्टेशन आहे, आरके पुरम किंवा लोधी कॉलनी लांब नाही. पण केंद्राचे नाव कळण्यासाठी कुणाला तरी यादी उघडून बघावी लागते. हे काम मुलावर सोडू नये. ते आईवडिलांनी किंवा गणिताच्या बाईंनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास काढून करावे.

या वसाहतीतल्या घरांसाठी आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. विभागीय परीक्षेसाठी देशाचे विभाग पाडलेले आहेत. दिल्ली हा स्वतंत्र विभाग आहे. मुंबई परिसर वेगळा आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळा. याशिवाय केंद्रीय विद्यालये हा एक स्वतंत्र गट आहे आणि नवोदय विद्यालये हा दुसरा, त्यांची गुणवत्ता यादी त्यांच्यातल्या त्यांच्यात लागते. सरकारी बदल्यांवर फिरणाऱ्या घरांतली बरीच मुले केंद्रीय विद्यालयांत असतात. पुण्याच्या केंद्रीय विद्यालयातून दिल्लीच्या केंद्रीय विद्यालयात आलेल्या मुलीचा गट बदलत नाही. पुण्यातल्या खासगी शाळेतून दिल्लीतल्या खासगी शाळेत आलेल्या मुलीचा मात्र बदलतो आणि दिल्लीचा विभाग तगड्या स्पर्धेसाठी ओळखला जातो. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण आपले मूल कुठल्या यादीत मोजले जाणार हे घराला ठाऊक असावे. शिवाय मुलींसाठी प्रत्येक टप्प्यावर काही जास्त जागा ठेवलेल्या असतात आणि बारावीतल्या मुलांच्या जागांवर मर्यादा असते. म्हणजे नियम करणाऱ्यांनाच मुले लवकर यायला हवी आहेत.

माझे मतही तेच आहे. आठवीत बसावे. गुण पाच मिळोत की पंधरा, बसावे.

रविवारची सकाळ, दहा ते एक. तीन तास, तीस प्रश्न, शंभर गुण. काही प्रश्न दोन गुणांचे, काही तीनचे, काही पाचचे. कॅल्क्युलेटर नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते. आणि इथे एक मजेशीर बंधन आहे. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ यांमधलीच पूर्ण संख्या असते. उत्तरपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नापुढे गोलांचे दोन स्तंभ असतात, एक दशकाचा आणि एक एककाचा. उत्तर सात असेल तर दशकाच्या स्तंभात शून्य रंगवायचे आणि एककाच्या स्तंभात सात. शून्य रंगवायचे राहिले तर गणित बरोबर असूनही गुण हातचे जातात.

त्या धर्तीवर रचलेला एक प्रश्न घेऊ. सातचा २०२५ वा घात केला, तर त्या प्रचंड संख्येचे शेवटचे दोन अंक कोणते? ही संख्या लिहून काढायची तर सतराशेहून जास्त अंक होतील. शाळेच्या सवयीने वाढलेले मूल इथे थबकते. ऑलिम्पियाडची सवय लागलेले मूल छोट्या घातांपासून सुरुवात करते. सात, एकोणपन्नास, तीनशे त्रेचाळीस, चोवीसशे एक. शेवटचे दोन अंक बघा: ०७, ४९, ४३, ०१. चौथ्या घाताला ०१ आले, आणि ज्या संख्येच्या शेवटी ०१ आहे तिने गुणल्यावर शेवटचे दोन अंक बदलत नाहीत. म्हणजे दर चार पावलांनी हेच चक्र फिरत राहणार. २०२५ ला चारने भागले तर बाकी एक उरते. चक्रातले पहिले पद, ०७. प्रश्न दोन मिनिटांचा आहे. त्या दोन मिनिटांत मूल एक गोष्ट शिकते: आकडा अवाढव्य असला तरी त्याच्यात पुनरावृत्ती शोधता येते. आणि मग आठवणीने शून्याचा गोल रंगवते.

या पहिल्या पायरीला उत्तर पुरते. दुसऱ्या पायरीपासून सगळे पालटते. विभागीय परीक्षेत तीन तासांत सहाच प्रश्न असतात. राष्ट्रीय परीक्षेतही सहाच, पण वेळ अलीकडे साडेचार तासांचा. कोऱ्या कागदावर संपूर्ण युक्तिवाद लिहायचा. उत्तर बरोबर आणि कारण नाही, तर गुण जवळजवळ शून्य. उलट उत्तरापर्यंत पोहोचला नाही, पण वाट योग्य होती आणि काही पावले नीट सिद्ध करून दाखवली, तर त्या पावलांचे गुण मिळतात. भारतातल्या इतर बहुतेक स्पर्धा परीक्षांहून ही गोष्ट मुळातच वेगळी आहे. तपासणारा माणूस मुलाने काय विचार केला ते वाचतो.

कसा विचार? इथे हंगेरीतली एक गोष्ट सांगायला हवी. १९५९ साली पॉल एर्डिश या विख्यात गणितज्ञाच्या कानावर लायोश पोशा नावाच्या मुलाची कीर्ती आली. मुलगा बारा वर्षांचाही नव्हता. एर्डिशने त्याला जेवायला नेले आणि तो सूप पीत असताना एक प्रश्न घातला. आपण तो शंभरपर्यंतच्या संख्यांसाठी मांडू. १ ते १०० यांमधून कुठल्याही ५१ संख्या निवडा. त्यांत अशा दोन संख्या नक्की सापडतील की ज्यांना एक सोडून सामाईक विभाजक नाही. का?

पोशाने सूप पिता पिता क्षणभर विचार केला आणि सांगितले: त्यांतल्या दोन संख्या शेजारशेजारच्या असणारच. संपले. १ आणि २, ३ आणि ४, ५ आणि ६ अशा पन्नास जोड्या पाडा. पन्नास जोड्यांमधून ५१ संख्या घ्यायच्या तर एका जोडीतल्या दोन्ही येणारच. आणि शेजारच्या दोन संख्यांना सामाईक विभाजक असेल तर त्याने त्यांच्यातला फरक, म्हणजे एक, यालाही भागले पाहिजे. असा विभाजक एकच, तो म्हणजे एक. एर्डिश पुढे म्हणत असे की या उत्तरासाठी सूपऐवजी शॅम्पेन ओतायला हवी होती. पोशा पुढे गणितज्ञ तर झालाच, पण त्याने आयुष्याचा मोठा भाग मुलांची गणित शिबिरे घेण्यात घालवला.

इथे थांबता येते, पण गणिताची ओढ असलेले मूल थांबत नाही. ते विचारते, ५१ च का? ५० घेतल्या तर? मग सगळ्या सम संख्या घ्या: २, ४, ६, थेट १०० पर्यंत. पन्नास आहेत आणि कुठल्याही दोघींना दोनने भाग जातो. म्हणजे ५१ हा आकडा उगाच आलेला नाही, तो अगदी काठावरचा आहे. हा दुसरा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो आपणहून विचारण्याची सवय हीच या सगळ्या खटाटोपातली खरी कमाई, असे मला वाटते. दरवर्षी गुणांच्या यादीत ती दिसतही नाही.

आणखी एक पायरी चढून बघू. पुन्हा १ ते १०० मधल्या कुठल्याही ५१ संख्या. आता दाखवायचे आहे की त्यांत एक संख्या दुसरीला नि:शेष भागते. शेजारच्या जोड्या इथे उपयोगी नाहीत. ७ ने ८ ला भाग जात नाही. पहिला अर्धा तास बहुतेक मुलांचा इथेच जातो आणि जाऊ द्यावा. हळूहळू लक्षात येते की जोड्यांऐवजी वेगळे गट हवेत, असे की एका गटातल्या कुठल्याही दोन संख्यांपैकी लहान संख्या मोठीला भागेल. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ हा असा एक गट झाला. ३, ६, १२, २४, ४८, ९६ हा दुसरा. मग ५, १०, २०, ४०, ८०. कुठलीही संख्या घ्या, तिच्यातून दोनचे सगळे घात काढून टाका, मागे एक विषम संख्या उरते आणि तीच तिच्या गटाची ओळख. शंभरपर्यंत विषम संख्या पन्नास, म्हणून गट पन्नास. ५१ संख्या निवडल्या की दोघी एका गटात आल्याच, आणि लहानीने मोठीला भागलेच. आणि ५० घेतल्या तर? ५१ पासून १०० पर्यंतच्या घ्या. त्यांतल्या कुणाचीही दुप्पट शंभरच्या पलीकडे जाते, म्हणून कुणी कुणाला भागत नाही. पुन्हा काठ तोच निघाला.

हा युक्तिवाद समजायला आठवीचे गणित पुरते. कॅल्क्युलस लागत नाही, त्रिकोणमिती लागत नाही. ऑलिम्पियाडचा अभ्यासक्रम मुख्यत: चारच गोष्टींचा आहे: संख्या सिद्धांत, बीजगणित, भूमिती आणि मोजणी, म्हणजे किती प्रकारे निवडता येते वगैरे. खोली मात्र शाळेच्या पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून आयआयटी प्रवेश परीक्षेची तयारी आणि ही तयारी एकच आहे असे समजून चालत नाही. सरोजिनी नगरहून थोड्याच अंतरावर कालू सराय आहे. तिथल्या भिंती कोचिंगच्या फलकांनी भरलेल्या असतात आणि तिथून येणाऱ्या मुलांना बेरीज-वजाबाकीच्या वेगात हरवणे कठीण. पण साडेचार तासांत सहा प्रश्न, हा वेगाचा खेळ नव्हे.

स्पर्धेने गणित बिघडते का, हा प्रश्न जुना आहे आणि मराठी माणसाला तो आपल्याच इतिहासातून विचारता येतो. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. बातमी आली तेव्हा सगळा महाराष्ट्र हरखला आणि 'रँग्लर' हा शब्द त्यांच्या नावापुढे कायमचा जोडला गेला. पण ती परीक्षा कशी होती? विद्यार्थी नामवंत खासगी शिकवणाऱ्यांकडे जात, ठराविक क्लृप्त्या घोटत आणि सगळ्यांचा क्रम वर्तमानपत्रांत छापून येई. परांजप्यांच्या आदल्याच वर्षी जी. एच. हार्डी त्याच परीक्षेत चौथा आला होता. रामानुजनला पुढे केंब्रिजला नेणारा तोच हार्डी. या पद्धतीने इंग्लंडचे गणित मागे पडले, असे त्याचे ठाम मत होते आणि तो तिच्याविरुद्ध लढला. १९०९ नंतर क्रमवार यादी बंद झाली. मला परांजप्यांचे यशही मोठे वाटते आणि हार्डीचा रागही योग्य वाटतो. ज्या स्पर्धेत घोटून क्रम मिळतो ती गणिताची चाकरी करत नाही.

परांजप्यांच्याच नावाने पुण्यात एक पारितोषिक होते, गणितातल्या स्वतंत्र कामासाठी. १९२७ साली ते फर्ग्युसन कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याला मिळाले. त्या विद्यार्थ्याचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. पुढे ते देवळालीच्या शाळेत शिक्षक झाले आणि शाळामास्तर म्हणूनच निवृत्त झाले. त्यांचा ६१७४ आता जगभर शिकवला जातो. चारही अंक सारखे नसतील अशी चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येते आणि तिथेच राहते. कापरेकरांसारख्या माणसाला तीन तासांच्या परीक्षेत किती गुण पडले असते कोण जाणे. पण त्यांना पहिली दाद एका विद्यार्थी स्पर्धेनेच दिली, आणि त्या स्पर्धेत घड्याळ लावलेले नव्हते.

आजच्या ऑलिम्पियाडमध्ये घड्याळ आहे, पण घोटण्याला वाव कमी आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५९ साली रुमानियात सुरू झाली तेव्हा सात देश आले होते. भारताचे राष्ट्रीय ऑलिम्पियाड १९८६ साली सुरू झाले आणि संघ पहिल्यांदा १९८९ साली जर्मनीला गेला. १९९६ साली हा सोहळा मुंबईत भरला आणि ७५ देशांची मुले आली. दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन प्रश्न, प्रत्येकी सात गुण, एकूण ४२. एका गोष्टीकडे मराठी वाचकाने खास लक्ष द्यावे. या स्पर्धेत प्रत्येक देशाची मुले आपापल्या भाषेत लिहितात. प्रश्नपत्रिका पन्नासहून जास्त भाषांत उतरवली जाते, ते काम संघनायक स्पर्धेच्या आधीच्या दिवसांत करतात. जी गोष्ट जागतिक पातळीवर सहज होते ती आपल्या पहिल्या पायरीवर, निदान मोठ्या भारतीय भाषांमध्ये, होऊ नये याला मला सबळ कारण दिसत नाही.

२०२४ साली इंग्लंडमधल्या बाथ शहरात भारताने चार सुवर्णपदके मिळवली आणि चौथे स्थान पटकावले. त्या संघातल्या सहा मुलांपैकी दोघे पुण्याचे, एक मुंबईचा, एक दिल्लीचा, एक ग्रेटर नोएडाचा आणि एक गुवाहाटीचा होता. पुढल्या वर्षी ऑस्ट्रेलियात तीन सुवर्ण, दोन रौप्य आणि एक कांस्य मिळाले, स्थान सातवे. पुणे आणि दिल्ली परिसर यांचा हा वाटा आपोआप आलेला नाही. पुण्यात १९७६ साली श्रीराम अभ्यंकरांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान उभे केले आणि तिथे वर्षानुवर्षे शाळकरी मुलांसाठी ऑलिम्पियाडचे वर्ग चालले. त्या वर्गांमधूनच 'ॲन एक्स्कर्शन इन मॅथेमॅटिक्स' हे पुस्तक आले. मोडक, कात्रे, आचार्य आणि शोलापूरकर ही त्याच्या संपादकांची नावे. आज दिल्लीतल्या तयारी करणाऱ्या मुलाच्या टेबलावरही ते असते. त्याच्या जोडीला 'चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स' घ्यावे. मागच्या सगळ्या परीक्षांचे कागद होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ही दोन पुस्तके आणि ते कागद, एवढ्यावर पहिली दोन वर्षे आरामात जातात. एक सोबती मात्र हवा, ज्याला आपला युक्तिवाद वाचून दाखवता येईल आणि जो विचारील की हे पाऊल कशावरून? तो शिक्षक असेल, वर्गमित्र असेल, दुसऱ्या ब्लॉकमधली ताई असेल. गणित न येणारी आईही हा प्रश्न विचारू शकते, आणि 'कशावरून' ला मूल अडखळले तर युक्तिवादात भोक आहे हे दोघांनाही कळते.

मुलींबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे. आंतरराष्ट्रीय संघात भारताच्या मुली फार कमी दिसल्या आहेत. मुलींसाठीचे युरोपियन गणित ऑलिम्पियाड २०१२ साली केंब्रिजला सुरू झाले, युरोपबाहेरच्या देशांनाही तिथे पाहुणे म्हणून जागा असते आणि भारताचा संघ २०१५ पासून जातो. त्या संघाची निवडही याच वाटेने, याच अर्जापासून होते. इराणची मरियम मिर्झाखानी हिने १९९५ साली टोरोंटोत ४२ पैकी ४२ गुण मिळवले होते. २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. शाळेत असताना एका वर्षी तिला गणितात कच्ची ठरवले गेले होते, हे तिनेच सांगितले आहे. आठवीतल्या मुलीने 'मला नाही जमणार' म्हटले तर तिच्या हातात अर्ज द्यावा, वाद घालत बसू नये.

आणि निवड झाली नाही तर? बहुतेकांची होत नाही. राष्ट्रीय परीक्षेत निवड झालेल्यांना भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची गणित संस्था यांच्या प्रवेशात मोठी सवलत मिळते, काही आयआयटींनीही अलीकडे ऑलिम्पियाडच्या मुलांसाठी वेगळे दार उघडले आहे. हे सांगितले की पालकांचे डोळे चमकतात. पण त्या आशेवर मुलाला बसवू नये, कारण तिथवर फारच थोडे जातात. पहिल्या वर्षी तीसपैकी चार प्रश्न सुटले, दुसऱ्या वर्षी नऊ, तर त्या मुलाने वर्षभरात किती संध्याकाळी एकाच प्रश्नाशी झुंज दिली असेल याचा विचार करावा. त्या संध्याकाळी त्याच्या आयुष्यात जमा होतात, निकाल काहीही लागो.

शेवटी वाचकासाठी एक प्रश्न ठेवतो. पुन्हा १ ते १०० मधल्या कुठल्याही ५१ संख्या घ्या. त्यांत ज्यांच्यातला फरक बरोबर १० आहे अशा दोन संख्या नक्की सापडतात. पन्नास जोड्या कशा पाडायच्या, एवढेच शोधायचे आहे आणि वर तसे दोनदा करून झाले आहे. ते जमले की १० च्या जागी ११ ठेवा. आता ५१ संख्या पुरतात का? पुरत नसतील, तर जास्तीत जास्त किती संख्या अशा निवडता येतील की कुठल्याही दोघींमध्ये ११ चा फरक नसेल? उत्तर ०० ते ९९ मध्येच आहे, पण कारणाशिवाय त्याला गुण नाहीत.